पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीची) लस तीन वर्षांतून एकदा, लाळ खुरकताची दर सहा महिन्यांनी. असं का?

शेळीपालक, कळंब (धाराशिव):
नमस्कार. माझ्याकडं उस्मानाबादी शेळ्या आहेत. परवा गावात लसीकरण झालं. पीपीआरची लस कोरडी, वडीसारखी, तिच्यात पाणी घालून टोचली. लाळ खुरकताची दुधासारखी पांढरी, थेट बाटलीतून. डॉक्टर गडबडीत होते, एवढंच म्हणले, "ही जिवंत लस, ती मेलेली." जिवंत म्हणजे रोगच टोचला का? दोन शेळ्या गाभण आहेत म्हणून विचारायलोय. आणि लाळ खुरकताची टोचली तिथं एकीला गाठ आलीय.

देवणीवाला, अहमदपूर:
गाठीला भिऊ नका. तेलाची लस आहे, आमच्या गाईंनाही येती, हळूहळू विरती. पिकायली असं वाटलं तरच दाखवा. बाकीचं काका सांगतील.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उदगीर:
दादा, रोग टोचला नाही, पण विषाणू जिवंत आहे हे खरं. प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत नेला की त्याची रोग करायची ताकद जाते, वाढायची राहते. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत सुंग्री/९६ हा लशीतल्या विषाणूचा वाण असाच तयार झाला. तो शेळीच्या अंगात थोडा वाढतो, शरीर खऱ्या रोगाशी लढल्यासारखं लढतं आणि ते विसरत नाही. म्हणून १ मिली कातडीखाली, की तीन वर्षं निवांत. याच कुळातली गुरांची साथ, बुळकांडी, २०११ साली जगातून गेली, ती जिवंत लशीच्याच जोरावर. जुन्या माणसांना विचारा, बुळकांडीत दावणी कशा रिकाम्या व्हायच्या.

लाळ खुरकताचा विषाणू रसायनानं मारलेला असतो. मेलेला वाढणार कुठून? जेवढा टोचला तेवढाच. म्हणून मात्रा भरपूर लागते आणि सोबत तेल, म्हणजे तो एकदम न संपता हळूहळू सुटत राहतो. तुमची गाठ त्यातलीच. तरी सहा महिन्यांत जोर ओसरतो. पहिल्यांदाच टोचली असेल तर महिन्यानं दुसरा डोस चुकवू नका. गुरांच्या घटसर्प, फऱ्या या रोगांच्या लशीही मेलेल्याच, त्या दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर.

आता माझं कळकळीचं सांगणं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि जिवंत लस उन्हानं मरते. पाणी मिसळलं की बाटली बर्फावर, सावलीत ठेवायची आणि दोन तासांत संपवायची. सिरिंज स्पिरिटनं किंवा डेटॉलनं धुऊन तशीच भरली तर लस सिरिंजमध्येच मरते; उकळून गार केलेली घ्या. वाईट हे, की मेलेली पीपीआरची लस दिसायला तशीच दिसते. टोचल्याची नोंद होते, मालक निश्चिंत होतो आणि साथ आली की करडं जातात.

लाळ खुरकताच्या लशीला उलट गोठण्याची भीती. बर्फाच्या कप्प्यात ठेवली की तेल-पाणी फाटतं. बाटलीत दोन थर दिसले आणि हलवूनही एकजीव झाले नाहीत, तर ती टोचूच देऊ नका, कुणी कितीही घाई करो. थर्मासमध्ये न्यायची तर बाटली कागदात गुंडाळा, बर्फाला चिकटू देऊ नका. २ ते ८ अंश, खाली नाही, वर नाही.

गाभण शेळ्यांचं टोचायच्या आधी सांगत जा. दिवस भरत आलेली शेळी नुसत्या धरपकडीनंही गाभडते. आता त्या दोघींना चारापाणी नीट द्या, काही वेगळं दिसलं तर दवाखान्यात कळवा.

देवणीवाला, अहमदपूर:
काका, ब्रुसेलाची, म्हणजे गाभडण्याच्या रोगाची, लस गोऱ्ह्याला का करत नाहीत? माझ्याकडं गोऱ्हा आणि कालवड, दोन्ही बरोबरीचे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उदगीर:
कारण ती एस-१९, जिवंत जंतूंची. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीलाच, आयुष्यात एकदा. गोऱ्ह्याच्या वृषणात ते जंतू घर करू शकतात, गाभण गाय गाभडू शकते. टोचताना सुई माणसाच्या हातात घुसली तर माणसालाही ब्रुसेला होऊ शकतो. म्हणून हातमोजे, चष्मा हवाच आणि कालवड दोघांनी घट्ट धरा. तिला अँटिबायोटिक चालू असेल तर आधी सांगा, नाहीतर औषध लशीतल्या जंतूंनाच मारतं.

शेळीपालक, कळंब (धाराशिव):
काका, लई उपकार. गावच्या ग्रुपवर सिरिंजचं आत्ताच टाकतो, आमच्याकडं सगळे डेटॉलनंच धुतात.