व्यवसायाच्या नावाने साइट सापडते, कामाच्या शब्दांवर सापडत नाही. सुरुवात कुठून करू?

पाना_पक्कड:
घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे: वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह. काम ग्राहकाच्या घरी जाऊनच होतं. वर्डप्रेसवरची साइट दहा महिने जुनी आहे. मुख्य पानं तीनच आहेत: मुखपृष्ठ, 'आमच्या सेवा' आणि 'संपर्क'. त्याशिवाय आजूबाजूच्या २२ भागांसाठी एकेक पान आहे. त्यांत मजकूर तोच, फक्त भागाचं नाव वेगळं. व्यवसायाच्या नावाने शोधलं की साइट पहिली येते, पण 'वॉशिंग मशीन दुरुस्ती' टाकलं तर पत्ता नाही. गूगल मॅप्सवर प्रोफाइल आहे, तेही वरच्या तिघांत दिसत नाही.
एक एजन्सी दरमहा ३०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्या साइटला येणारे दुवे) आणि ९० दिवसांत पहिला क्रमांक अशी हमी देते आहे. घ्यावी का? स्वतः करायचं तर आठवड्याला चार-पाच तास मिळतात. आधी काय करू, आणि त्या २२ पानांचं काय?

सूचीकार:
एजन्सीचा विचार बाजूला ठेवा, आधी निदान करा. पान गूगलच्या इंडेक्समध्येच (शोधात दाखवायच्या पानांच्या यादीत) नाही, इंडेक्समध्ये आहे पण फार खाली आहे, की दिसतं आहे पण कोणी क्लिक करत नाही? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नावाने शोधल्यावर मुखपृष्ठ येतं, म्हणजे अख्खी साइट चुकून बंद ठेवलेली नाही. तरी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली शोधयंत्रांना मज्जाव करणारी चौकट असते, ती रिकामी आहे ना, एवढं बघून घ्या.

मग सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं साधन. नोंदणी करताना 'डोमेन' प्रकार निवडा आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी प्रकारची नोंद टाकून मालकी सिद्ध करा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवायचे, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे सगळे पत्ते त्यात एकत्र येतात. दोन ठिकाणी बघा.

'पेजेस' अहवालात इंडेक्स न झालेल्या पानांची कारणं असतात. 'डिस्कव्हर्ड' म्हणजे पत्ता माहीत आहे, पण गूगलने पान अजून वाचलेलं नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे वाचलं आणि तूर्त घेतलं नाही. यातला दुसरा शेरा बहुतेक वेळा मजकुराबद्दल असतो. तिथे पुन्हा पुन्हा 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' (पान इंडेक्समध्ये घेण्याची विनंती) दाबून काही होत नाही.

'परफॉर्मन्स' अहवालात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. व्यवसायाचं नाव असलेले शोध गाळा आणि उरलेल्यांचे इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात), क्लिक आणि सरासरी स्थान पाहा. स्वतःच्या फोनवर शोधून क्रमांक ठरवू नका. तुम्ही उभे आहात ती जागा आणि आधीचे शोध यांमुळे निकाल बदलतात.

नकाशेवाला:
मॅप्सचं गणित साइटपेक्षा वेगळं आहे. गूगल स्वतः तीन निकष सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, त्यामुळे प्रत्येक भागात वरच्या तिघांत येण्याची अपेक्षा सोडा. बाकीच्या दोन निकषांवर मात्र भरपूर काम करता येतं.

मुख्य श्रेणी आधी तपासा. तिथे नुसतं 'दुरुस्ती' किंवा 'इलेक्ट्रॉनिक्स विक्रेता' अशी ढोबळ श्रेणी असेल, तर तीच मोठी अडचण आहे. उपकरण दुरुस्तीची नेमकी श्रेणी मुख्य ठेवा. जोडीला आणखी नऊ देता येतात, पण जे काम खरंच करता तेवढ्याच द्या.

नावात पाटीवर आहे तेवढंच लिहा. 'अमुक सर्व्हिसेस वॉशिंग मशीन फ्रिज दुरुस्ती स्वस्त' अशी नावं काही दिवस वर दिसतातही, पण ते नियमाविरुद्ध आहे आणि तक्रार झाली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

ग्राहक तुमच्याकडे येत नसतील तर पत्ता लपवून कार्यक्षेत्र भरा. कमाल २० भाग देता येतात आणि एकूण हद्द तुमच्या जागेपासून गाडीने साधारण दोन तासांच्या आत असावी. भाग भरले म्हणून त्या त्या भागात वर येता येत नाही. तुम्ही कुठे जाता हे ग्राहकाला कळावं, एवढाच त्याचा उपयोग.

रिव्ह्यूबद्दल जरा सविस्तर, कारण गडबड इथेच जास्त होते. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची थेट लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. काम संपल्यावर त्याच दिवशी सगळ्या ग्राहकांना ती लिंक पाठवा. आधी 'खूश आहात का' विचारून फक्त खूश लोकांना लिंक देणं आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं, दोन्हींना गूगलची मनाई आहे. एकाच आठवड्यात ४० रिव्ह्यू आणि मग सहा महिने शुकशुकाट, हे संशयास्पद दिसतं आणि रिव्ह्यू गाळले जाऊ शकतात. दर आठवड्याला दोन-तीन येत राहिले तर उत्तम. नकारात्मक रिव्ह्यूला थोडक्यात, वाद न घालता उत्तर द्या. ते उत्तर पुढचा ग्राहक वाचतो.

प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या दुव्याला यूटीएम टॅग (पत्त्याच्या शेवटी जोडायची ओळखखूण) लावा, म्हणजे मॅप्सवरून आलेले लोक अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळे मोजता येतील.

पाना_पक्कड:
दोघांचे आभार. सर्च कन्सोल आधीच जोडलेलं होतं, उघडून पाहिलं नव्हतं. २५ पैकी ६ पानं इंडेक्समध्ये आहेत. उरलेली १९ 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' दाखवतात आणि ती सगळी भागांचीच आहेत. नाव वगळून पाहिलं तर 'वॉशिंग मशीन पाणी निघत नाही' आणि त्यासारख्या शोधांवर 'आमच्या सेवा' हे पान सरासरी ३४ व्या स्थानावर आहे. इम्प्रेशन आहेत, क्लिक जवळजवळ नाहीत. ती १९ पानं रोबॉट्स फाइलमधून बंद करू का?

सूचीकार:
रोबॉट्स फाइलला हात लावू नका. ती फाइल गूगलला पान वाचायला मनाई करते, पान इंडेक्समधून काढत नाही. वाचायलाच बंदी असेल तर पानावरचा नोइंडेक्स टॅगही ('हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' ही सूचना) गूगलला दिसत नाही.

नाव बदलून छापलेल्या पानांना गूगलच्या स्पॅम धोरणात 'डोअरवे' म्हणतात. आधी परफॉर्मन्स अहवालात या २२ पत्त्यांपैकी कोणाला क्लिक आहेत ते पाहा. ज्या दोन-तीन भागांतून खरंच कामं येतात, तेवढी पानं ठेवा आणि त्यांत त्या भागापुरती माहिती घाला: तिथे केलेल्या कामांचे फोटो, भेटीच्या वेळा, तिथल्या पाण्यामुळे वारंवार येणारे बिघाड. उरलेल्यांसाठी 'आमचं कार्यक्षेत्र' असं एक पान करा आणि जुने पत्ते ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) तिकडे वळवा. सगळे मुखपृष्ठावर वळवू नका, असंबद्ध वळणांना गूगल 'सॉफ्ट ४०४', म्हणजे पान अस्तित्वातच नसल्यासारखं धरू शकतं. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. साइटमॅपमधून (शोधयंत्रांना दिलेल्या पत्त्यांच्या यादीतून) आणि मेन्यूतून जुने पत्ते काढायला विसरू नका. एकीकडे वळवायचं आणि दुसरीकडे साइटमॅपमध्ये तोच पत्ता द्यायचा, ही नेहमीची चूक आहे.

मजकूरमंत्र:
३४ वं स्थान ही चांगली बातमी आहे. तुम्ही या विषयाचे आहात हे गूगलला कळलं आहे, पण 'आमच्या सेवा' या एकाच पानावर तीन उपकरणं कोंबली आहेत. तिन्हींची वेगळी पानं करा. पहिलं वॉशिंग मशीनचं, कारण शोध त्याचेच दिसत आहेत.

टायटल (शोधनिकालात दिसणारं पानाचं शीर्षक) असं: 'वॉशिंग मशीन दुरुस्ती: पाणी न निघणे, ड्रम न फिरणे', शेवटी व्यवसायाचं नाव. महत्त्वाचे शब्द पुढे ठेवा, कारण लांब टायटल फोनवर कापलं जातं. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं. मेटा डिस्क्रिप्शनने (पानाच्या कोडमधल्या छोट्या वर्णनाने) क्रमांक वाढत नाही, पण ते निकालाखाली दिसलं तर क्लिक वाढवू शकतं. दोन वाक्यं पुरेत. मेटा कीवर्ड्सवर (कोडमध्ये लपवून दिलेल्या शब्दांच्या यादीवर) वेळ घालवू नका, वेब शोधाच्या क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे.

पानाचं पोट लक्षणांनी भरा. पाणी निघत नसेल तर ड्रेन फिल्टर तुंबणं, पाइप मुडपणं, ड्रेन पंप जाणं ही कारणं लिहा. ग्राहक स्वतः काय तपासू शकतो आणि कुठे थांबावं, तेही सांगा. ड्रम फिरत नसेल तर दरवाज्याचं लॉक, पट्टा, मोटरचे कार्बन ब्रश. ज्या कंपन्यांची मशीन रोज हाताळता त्यांचे एरर कोड आणि त्यांचा अर्थ द्या. लोक नेमका तोच कोड शोधात टाकतात. मग भेटीचं शुल्क कसं ठरतं, सुटा भाग मिळायला किती दिवस लागतात, कामाची हमी किती, हे स्पष्ट लिहा. फोन नंबर चित्रात नको, मजकुरात आणि दाबल्यावर लागेल असा हवा.

शब्दसंख्येचं लक्ष्य ठेवू नका. वरची माहिती नीट दिली की पान आपोआप भरतं. मुखपृष्ठावरून या पानाला दुवा देताना 'अधिक वाचा' ऐवजी 'वॉशिंग मशीन दुरुस्ती' असेच शब्द वापरा. 'आमच्या सेवा' पानावर एकेका उपकरणाचा छोटा परिच्छेद आणि दुवा एवढंच ठेवा, नाहीतर तुमचीच दोन पानं एकाच शोधासाठी एकमेकांशी झगडतील.

फोटो फोनमधून थेट चढवू नका. १,६०० पिक्सेलपर्यंत रुंदी पुरते, वेबपी (कमी आकाराच्या चित्रांचं) स्वरूपात शक्यतो २०० केबीच्या आत. सर्वांत वरच्या फोटोला लेझी लोड (खाली सरकल्यावरच फोटो आणणं) नको, त्यामुळे तो उशिरा उमटतो. वेगाची उद्दिष्टं ठरलेली आहेत: पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, पान उघडताना मजकूर हलण्याचा निर्देशांक ०.१ पर्यंत. वर्दळ कमी असेल तर सर्च कन्सोलमधला वेगाचा अहवाल रिकामाच येईल, तेव्हा पेजस्पीड इनसाइट्स (गूगलचं वेग तपासायचं साधन) वापरा. मात्र तिथे १०० पैकी १०० च्या मागे लागू नका. तेवढ्या वेळात एरर कोडची अर्धी यादी लिहून होईल.

नकाशेवाला:
एजन्सीबद्दल: नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलं आहे. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. महिन्याला ३०० लिंक म्हणजे कोणीही न वाचणाऱ्या साइटींवरचे दुवे. गूगल बहुतेकदा त्यांना शून्य धरतं, म्हणजे पैसे गेले. वाईटात वाईट म्हणजे गूगलच्या कर्मचाऱ्याकडून साइटवर कारवाई, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन होते आणि ती निस्तरताना महिने जातात.

तुमच्यासाठी खरे दुवे थोडेच पुरतात. सुटे भाग पुरवणारे, ज्या कंपनीचे अधिकृत दुरुस्तीदार असाल तिची यादी, व्यापारी संघटनेचं सदस्यपान. नाव आणि फोन नंबर सगळीकडे एकसारखे ठेवा. बिंग प्लेसेस आणि अ‍ॅपल मॅप्सवर नोंद करायला एक संध्याकाळ पुरेल.

पुढे कधी कोणाला काम दिलंत तरी डोमेन तुमच्याच नावावर हवं. सर्च कन्सोलचे ओनर आणि प्रोफाइलचे प्रायमरी ओनर तुम्हीच राहा, बाहेरच्याला फक्त मॅनेजर किंवा मर्यादित प्रवेश द्या. करार मोडला की प्रोफाइल त्यांच्याच खात्यात अडकतं आणि ते परत मिळवणं फार त्रासाचं असतं.

सूचीकार:
तुमच्या वेळात बसेल असा क्रम: पहिले दोन आठवडे रीडायरेक्ट, साइटमॅप आणि प्रोफाइलची श्रेणी. पुढचे तीन आठवडे वॉशिंग मशीनचं पान, मग फ्रिज. नवं पान चढलं की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एकदाच इंडेक्सिंगची विनंती करा. फेरफार केल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा. महिन्यातून एकदा त्या पानापुरता अहवाल काढून मागच्या २८ दिवसांशी ताडून बघा. आधी इम्प्रेशन वाढतील आणि सरासरी स्थान थोडं घसरल्यासारखं दिसेल, कारण नव्या शोधांवर पान खालून सुरुवात करतं. त्या आकड्याला घाबरून टायटल बदलू नका, निदान सहा-आठ आठवडे तसंच राहू द्या.