मुलगा संघात मागे पडतो आहे, मुलगी मैदानावर जाईनाशी झाली आहे: वाढीच्या वयाचा खेळाशी संबंध किती?

प्रश्न: ऐरोलीकर आई

नमस्कार. माझा मुलगा १३ वर्षे ४ महिन्यांचा असून ठाण्यातील एका मंडळात कबड्डी खेळतो. त्याची उंची १४६ सेंटीमीटर आहे. त्याच्याच वर्गातला, वयाने त्याच्याहून थोडा लहानच असलेला एक मुलगा १६३ सेंटीमीटरचा झाला आहे, त्याला मिसरूड फुटले आहे आणि त्याच्या पकडीतून सुटणे माझ्या मुलाला जमत नाही. गेल्या वर्षी संघात असलेला माझा मुलगा यंदा राखीव खेळाडूंत बसतो, आणि ‘अंगात ताकद आली की बघू’ असे प्रशिक्षक सांगतात. माझ्या यजमानांची उंची १७२ आणि माझी १५६ सेंटीमीटर आहे. यजमान दहावीनंतर एकदम वाढले, असे सासूबाई सांगतात.

धाकटी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. ती वर्षभरात जवळजवळ आठ सेंटीमीटर वाढली आणि नुकतीच तिची पाळी सुरू झाली. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात लंगडी आणि बॅडमिंटन खेळणारी ही मुलगी आता खाली उतरत नाही, आणि घरातील मोठ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

मुलाच्या हाडांच्या वयाची तपासणी करून घ्यावी का? व्यायामाने उंची वाढते किंवा खुंटते, यात कितपत तथ्य आहे? मुलीने पुन्हा खेळावे यासाठी काय करता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: बालरोगतज्ज्ञ, ठाणे

आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही मुलांची वाढ नैसर्गिक मर्यादेत दिसते; मात्र प्रत्यक्ष तपासणीची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही.

जन्मतारखेने मोजलेले वय आणि शरीराचे वय यांत या टप्प्यावर मोठी तफावत असू शकते. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. त्यानंतर वाढीची झेप येते: मुलींमध्ये तिचा सर्वाधिक वेग बहुधा ११ ते १२ व्या वर्षी असतो आणि वर्षाला आठ सेंटीमीटरच्या आसपास जातो, मुलांमध्ये तो साधारण दोन वर्षे उशिरा, १३ ते १४ व्या वर्षी येतो आणि नऊ ते दहा सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो. ही सरासरी झाली. एकाच वर्गातील तेरा वर्षांच्या निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक आढळू शकतो, आणि आपला मुलगा व त्याचा वर्गमित्र हे याच फरकाच्या दोन टोकांना उभे आहेत.

एक ढोबळ हिशेब पाहा. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवायचे आणि दोनने भागायचे. आपल्या बाबतीत उत्तर १७०.५ येते. त्यात आठ सेंटीमीटर कमीअधिक धरावेत. १४६ म्हणजे या अपेक्षित उंचीच्या सुमारे ८६ टक्के. त्या वर्गमित्राची अंतिम उंचीही १७० च्या आसपास असणार असेल, तर तो ९६ टक्क्यांवर पोहोचलेला आहे, म्हणजे त्याची झेप जवळजवळ संपत आली आहे आणि आपल्या मुलाची बहुधा अजून यायची आहे. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकादम्यांमध्ये काही सामने जन्मतारखेऐवजी याच टक्केवारीनुसार गट पाडून खेळवले जातात. तसे गट पाडले, तर ही दोन मुले एकमेकांसमोर येणारच नाहीत. वडीलही उशिरा वाढलेले असल्यामुळे हा घराण्यातून आलेला उशीर असण्याची शक्यता मोठी आहे.

हाडांच्या वयासाठी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या वयाच्या पडताळणीसाठी टीडब्ल्यू-३ ही पद्धत वापरत असल्यामुळे पालकांना ती ऐकून माहीत असते. परंतु या एक्स-रेमधून परिपक्वता कळते, जन्मतारीख कळत नाही. लवकर वाढणारे मूल दाखला खरा असूनही त्यात ‘मोठे’ ठरू शकते. केवळ संघात जागा मिळावी म्हणून तो काढू नये. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावरही मुलामध्ये वयात येण्याची कोणतीच खूण नसेल, किंवा वाढीच्या आलेखावर त्याची रेषा खाली घसरू लागली असेल, तर जरूर तपासावे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख बहुतेक बालरोगतज्ज्ञांकडे असतात. दर तीन-चार महिन्यांनी सकाळीच, अनवाणी, एकाच भिंतीशी उंची मोजून त्यावर नोंदवावी. संध्याकाळपर्यंत पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दाबल्या गेल्यामुळे उंची किंचित कमी भरते, म्हणून वेळही तीच ठेवावी.

व्यायामाने उंची वाढत नाही आणि नेहमीच्या सरावाने ती खुंटतही नाही. बास्केटबॉलपटू उंच दिसतात, कारण उंच मुले त्या खेळात निवडली जातात आणि टिकतात. बारला लटकल्याने खांद्यांना आणि पकडीला व्यायाम होतो, एवढेच. योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेल्या जोर-बैठका किंवा हलके वजन उचलणेही या वयात सुरक्षित असते.

हाडांचे मात्र वेगळे आहे, आणि मैदान सोडलेल्या मुलीच्या बाबतीत मला याच कारणाने काळजी वाटते. प्रौढपणी हाडांत जेवढी खनिजे असतात, त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश वाढीच्या झेपेच्या आगेमागे असलेल्या जेमतेम दोन वर्षांत साठतात. हाडांची लांबी आधी वाढते आणि खनिजे काही महिने मागून भरली जातात; त्यामुळे याच काळात पडल्यावर मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणून खेळ थांबवणे हा उपाय नव्हे, कारण उड्या, धावणे आणि झटकन दिशा बदलणे यांचा भार मिळाल्यावरच हाड खनिजे धरते. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या आणि बॅडमिंटन हे त्यासाठी उत्तम खेळ आहेत. पोहणे हृदय-फुप्फुसांसाठी चांगले असले, तरी पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नसल्यामुळे केवळ पोहण्यावर विसंबू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि त्यात स्नायू-हाडे बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस असावा. जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत, असे २०१६ च्या आकडेवारीच्या विश्लेषणातून पुढे आले आहे.

उत्तर २: क्रीडाशिक्षक, कोपरखैरणे

डॉक्टरांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. परंतु मैदानावरची अडचणही लक्षात घ्यावी. जिल्हा स्पर्धा जिंकायची असेल, तर अंगापिंडाने मोठा झालेला मुलगा उतरवण्याचा मोह कोणत्याही प्रशिक्षकाला होतो. त्यात उशिरा वाढणारा मुलगा राखीव बसतो, सरावात त्याच्या वाट्याला चढाया कमी येतात, आणि सोळाव्या वर्षी त्याची उंची-ताकद भरून निघते तेव्हा त्याने बहुधा खेळच सोडलेला असतो. लवकर वाढलेल्या मुलाचेही यात नुकसानच होते, कारण केवळ ताकदीवर जिंकत राहिल्याने तो पदलालित्य शिकत नाही आणि पुढे सर्वांची उंची सारखी झाली की अडतो.

आपल्या मुलाच्या प्रशिक्षकांकडे संघात जागा मागू नका. सरावातील चढाया मागा. लहान चणीच्या मुलाला बोनस रेषा, पायाचा स्पर्श, हाताखालून निसटणे आणि घोट्याची पकड हे सर्व आत्ता शिकता येते. कमरेची पकड आणि साखळीतील धक्का यांसाठी वजन लागते, ते नंतर येईल. सरावापुरते वजन आणि उंची पाहून जोड्या लावा, अशी विनंतीही करता येते. त्याला खर्च शून्य आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. कबड्डीत किशोर गटाला वयासोबत वजनाचीही मर्यादा असते, आणि वजनकाट्यावर बसावे म्हणून स्पर्धेआधी मुलांना उपाशी ठेवणे, पाणी तोडणे आणि उन्हात जाड कपडे घालून पळवणे हे प्रकार मी पाहिले आहेत. आपल्या मुलाला आज त्याची गरज नाही. परंतु झेप सुरू झाली की वर्षभरात त्याचे वजनही भराभर वाढेल, आणि नेमक्या त्या वेळी कोणी ‘दोन किलो उतरव’ म्हटले, तर आपण स्पष्ट नकार द्यावा व त्याला वरच्या गटात खेळू द्यावे.

आणखी एक सूचना. झेपेच्या काळात आधी पावले, मग पाय आणि शेवटी धड वाढते. त्या काही महिन्यांत मुलगा अडखळतो आणि नेहमीची उडी चुकवतो. प्रशिक्षक त्याला निष्काळजीपणा समजतात. तसे काही नसते. त्या काळात तोल आणि उडीनंतर जमिनीवर उतरण्याची पद्धत यांचा सराव वाढवावा, सामने कमी करावेत. (शाळांमधील पी.टी.चा तास गणिताला देण्याची प्रथा बंद झाली, तर हे सर्व शाळेतच करता येईल. पण तो वेगळा विषय आहे.)

उत्तर ३: दोन मुलींची आई, घोडबंदर रोड

ताई, मुलीला ‘खेळायला जा’ असे सांगण्याआधी ती का जात नाही, हे तिच्याकडून एकटीला विचारून घ्या. आमच्याकडे कारण अगदी साधे निघाले: धावताना छातीत दुखत होते, आणि आवारातील मुले बघतात असे तिला वाटत होते. चांगल्या बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅक पँट आणि पिशवीत जादा पॅड एवढ्यावर अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा मैत्रिणींमुळे सुटला. चौघी मिळून उपवन तलावाच्या बाजूला बॅडमिंटन खेळायला जाऊ लागल्या, कारण सोसायटीतील ओळखीच्या नजरा तिथे नव्हत्या. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही, हे तिच्यावर सोडा. मनाई नको आणि सक्तीही नको. आजींशी मात्र आपल्यालाच बोलावे लागेल. ते काम मुलीवर टाकू नका.

पावसाळ्यात ठाण्यात मैदाने चिखलाने भरतात, आणि जून ते सप्टेंबर या काळात सवय मोडली की दिवाळीपर्यंत परत लागत नाही. त्या दिवसांत घरात दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार आणि इमारतीचे जिने यांची तरी सोय ठेवावी.

पुन्हा: बालरोगतज्ज्ञ, ठाणे

वरील ताईंच्या मुद्द्याला जोडून थोडे लिहितो. किशोरवयात मुलींची हालचाल मुलांपेक्षा लवकर घटते, असे सर्वत्र आढळते. परंतु जन्मतारखेऐवजी शरीराच्या परिपक्वतेची पायरी सारखी धरून तुलना केली, तर मुलगे आणि मुली यांच्यातील ही दरी बरीच अरुंद होते, असे अभ्यासांत दिसले आहे. मुली दोन वर्षे आधी वयात येतात, म्हणून त्यांची घसरणही आधी सुरू होते. आपल्या मुलीला शाळेतील इतर अनेक जणींच्या आधी हे सर्व अनुभवावे लागत आहे, हे लक्षात ठेवावे. पाळी सुरू झाल्यानंतरही साधारण पाच ते सात सेंटीमीटर उंची वाढते, त्यामुळे ‘आता वाढ संपली’ हा समज चुकीचा आहे.

तिला दम लागत असेल, जिना चढताना थकवा येत असेल किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ‘आळशी झाली’ असे घरी म्हटले जाते, त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. सरकारी व अनुदानित शाळांत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी घ्यावी. ती जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. दूध-दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ आणि पालेभाज्या आहारात ठेवाव्यात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

पुन्हा प्रश्न: ऐरोलीकर आई

सर्वांचे मनापासून आभार. सरावातील चढायांबद्दल प्रशिक्षकांशी बोलणार आहे, आणि मुलीशी बोलणे झाले. कारण कपड्यांचेच निघाले. एक शंका राहिली. मुलाची टाच गेल्या महिन्यापासून सरावानंतर दुखते. मंडळात हे जंतांमुळे होते असे सांगितले गेले, तर कोणी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या. खेळ बंद करावा का?

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, ठाणे

जंतांचा याच्याशी संबंध नाही, आणि आहार ठीक असेल तर गोळ्यांचीही गरज नाही. या वयातील टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे टाचेच्या हाडातील वाढीच्या भागावर पोटरीच्या ताठर स्नायूचा सतत पडणारा ताण. हाड लांब होते, स्नायू त्या वेगाने ताणला जात नाही, आणि कडक जमिनीवरील उड्यांनी तो भाग दुखू लागतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखली, तर बहुधा हेच असते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो, तोही याच जातीचा असतो. वाढ पूर्ण झाली की दोन्ही दुखणी थांबतात.

खेळ पूर्ण बंद करू नये. उड्या आणि धावणे दुखणार नाही इतके कमी करावे, सरावानंतर बर्फाने शेकावे, पोटरीचे ताण रोज द्यावेत, बुटात टाचेखाली मऊ गादी घालावी आणि शक्य असेल तेव्हा मातीऐवजी मॅटवर सराव करावा. सायकल चालवायला आणि पोहायला हरकत नाही.

वेदना रात्री झोपेतून उठवत असेल, ताप किंवा सूज असेल, किंवा वेदना एकाच पायात वाढत जात असेल, तर वाट पाहू नये. मुलगा लंगडत असेल आणि गुडघा किंवा मांडी दुखते असे सांगत असेल, तर खुब्याचाही एक्स-रे काढावा लागतो, कारण खुब्यातील वाढीचा भाग सरकल्याची वेदना अनेकदा गुडघ्यात जाणवते. हा विकार वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये अधिक दिसतो, पण इतरांनाही होतो. तशी शंका आली, तर मुलाला त्या पायावर भार देऊ न देता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.