साडेतीन टनी ट्रेलर ओढायचाय, कुठला ट्रक घेऊ?

भटकभवानी: मंडळी सल्ला हवाय. आम्ही दोघं, दोन पोरं आणि एक धिप्पाड कुत्रा. राहायचा ट्रेलर घेतलाय, रिकामा २९०० किलो, पाणी-सामान भरून ३४०० होईल म्हणे. ओढायला अर्ध्या टनाच्या वर्गातला (हे नुसतं वर्गाचं नाव, खरी क्षमता नव्हे) एक पिकअप बघून ठेवलाय, जाहिरातीत ५००० किलो ओढतो असं आहे, मग अजून काय पाहिजे असं नवरा म्हणतोय. मला उताराची धास्ती वाटते.

डिझेलवाला: ताई तो ५००० चा आकडा आधी डोक्यातून काढा. तो काढताना ट्रकमधे फार तर दोन माणसं धरतात, तुमचा कुत्रा नाही धरत :) ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते त्यावर असतं, तो पेलोड. आता ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायचा सांधा), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो, १३ टक्के धरले तरी ४४० किलो, त्यात तुम्ही सगळे नि कुत्रा मिळून २८०, हिच ४०, मागे सायकली-जनरेटर १००, झाले ८६०. या वर्गातले बरेच ट्रक ६५०-७५० वरच हात टेकतात, सनरूफ आणि मोठी चाकं घेतली की अजून कमी. त्याच्या वरच्या वर्गातला, पाऊण टनी बघा.

चौथा_गिअर: पाऊण टनी ला +१, पण त्यातही डिझेल घेताना स्टिकर वाचाच, इंजिन जड असल्यामुळे त्याच ट्रकच्या पेट्रोलवाल्यापेक्षा पेलोड कमी निघतो. घाटात जाणार असाल तर मात्र डिझेलच, टर्बोमुळे उंचीवर दम टिकतो आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) असला की उतरताना ब्रेक फारसे तापत नाहीत.

हिचहायकर: पेलोड जमेना म्हणून मी एकदा शहाणपणा केला, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं, म्हटलं हिचवरचा भार कमी होईल. झाला की कमी, आणि पुढच्याच उतारावर ट्रेलर असा शेपूट हलवायला लागला की ट्रकचं ढुंगण पण त्याच्याबरोबर डावं-उजवं. बायकोने तेव्हापासून सामान स्वतः भरायला घेतलंय. असं झालं तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) हाताचा खटका दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावा. तेव्हा कंट्रोलर हवाच, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (मागचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा) पण, नि लांब व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेला) ट्रक मिळाला तर सोडू नका.

डिझेलवाला: आणि ते ३४०० विकणाऱ्याच्या तोंडचे आहेत ना? भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेल्याशिवाय ट्रक बुक करू नका.

भटकभवानी: सगळ्यांना धन्यवाद. नवऱ्याला घेऊन परत शोरूमला गेले, दार उघडलं, स्टिकरवर ६९० किलो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला कुत्रा घरी ठेवला तर?