मदत हवी आहे: परवा फोटो काढायचा आहे, चेहरा दगडासारखा येतो

घाटमाथा (मंगळवार, रात्री ९.१०)
गुरुवारी सकाळी पोर्ट्रेट काढायचं आहे. आधी दोनदा काढून झालं, दोन्ही वाया गेले. चेहरा दगडासारखा, हनुवट्या दोन आणि डोळे कुणावर तरी वटारल्यासारखे. आरशात असं काही दिसत नाही. काय करावं? चेहरा, कपडे, बसायचं कसं, सगळं सांगा. वेळ नाही, पाल्हाळ नको.

खटपट्या (९.२२)
कॅमेरा कुठला? लेन्स? स्टुडिओत की बाहेर? फ्लॅश वापरला का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटमाथा (९.२५)
कॅमेरा मोठा आहे, काळा. लेन्स मला काय ठाऊक. मी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असणार आहे. चेहऱ्याचं सांगा.

जर्सीकर (९.३१)
सगळ्यात महत्त्वाचं, चष्मा काढा! नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकन व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. आकार ५१ बाय ५१ मिलिमीटर, मागे पांढरं. हसू नका, कान झाकू नका. आमच्या मेव्हण्याचा फोटो दोनदा परत आला होता.

चिमणचारा (९.३४)
व्हिसाचं कोणी विचारलंय?

जर्सीकर (९.३६)
त्यांनी कशासाठी तेच लिहिलेलं नाही. सावध केलेलं बरं.

नाना_निवृत्त (९.४०)
दाढी त्याच दिवशी सकाळी करावी, आदल्या रात्री नको. फोटोत गालावर निळसर झाक येते. कॉलर इस्त्रीची हवी. पाठ ताठ, छाती पुढे. एनसीसीत आम्हाला हेच शिकवलं.

घाटमाथा (९.४३)
मी बाई आहे.

नाना_निवृत्त (९.४७)
मग दाढीचा भाग सोडून बाकी लागू.

चंदेरी (९.५२)
ताई, माझं चिंचवडला पार्लर आहे, रोजचं काम आहे म्हणून सांगते. दोनच दिवस उरलेत, तर फेशियल आता अजिबात नको. ते पाच-सहा दिवस आधी करतात, आज केलंत तर परवा पुरळ घेऊन बसाल. थ्रेडिंग उद्या सकाळी उरका, म्हणजे लाली उतरेल. आज-उद्या लोणचं, पापड, फरसाण बंद, खारट खाल्लं की सकाळी डोळ्यांखाली फुगतं. आणि फ्लॅश असेल तर सनस्क्रीन लावू नका. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या क्रीमनं फ्लॅशमध्ये चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा येतो, मान मात्र आपल्या रंगाची. नवऱ्या मुलींचे असे किती अल्बम मी पाहिलेत. केस रंगवता का?

घाटमाथा (९.५६)
नाही. पांढरे आहेत, पांढरेच राहणार.

चंदेरी (९.५८)
नुसता टचअप तरी करा, दहा वर्षं कमी दिसाल.

तिरफळ (१०.०३)
कशाला? पांढऱ्या केसांमागे गडद पडदा असला की किती सुंदर दिसतं. माझ्या म्हापशाच्या मावशीचा तसा फोटो हॉलमध्ये लावलाय, घरी आलेला प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघतो. त्यात तिच्या मांडीवर मांजर पण आहे. मांजराचं नाव सरपंच.

खटपट्या (१०.०८)
मांजर बाजूला ठेवू. ताई, दोन हनुवट्या लेन्समुळे नाही, मानेमुळे येतात. कॅमेरा समोर आला की माणूस भिऊन मान मागे ओढतो. उलटं करायचं. कासव कवचातून डोकं काढतं तसं कपाळ पुढे काढा आणि मग हनुवटी बोटभर खाली. करताना अगदी वेड्यासारखं वाटतं, समोरून छान दिसतं. आत्ता आरशापुढे एका बाजूनं उभं राहून बघा. खांदे कॅमेऱ्याला सरळ नकोत, थोडे तिरके करा आणि चेहरा तेवढा वळवा. नानांचं छाती पुढे वगैरे ओळखपत्राला ठीक आहे.
आणि आरशाचं म्हणाल तर आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो. आपल्या भांगाची, वाकड्या भुवईची आपल्याला त्याच बाजूनं सवय असते. फोटोत बाजू बदलते, म्हणून तो चेहरा फक्त आपल्याला परका वाटतो, घरच्यांना नाही.

चिमणचारा (१०.१५)
पण फोटो कशासाठी आहे ते सांगा ना. बायोडेटा, पुस्तक, पुरस्कार, निवडणूक? हसायचं की नाही ते त्यावर आहे.

घाटमाथा (१०.३०)
बरं. मी एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे, ३१ मे रोजी निवृत्त होतेय. ऑफिसात आजवरच्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीनं लावलेत. सात आहेत, सातही पुरुष. पहिले चार कृष्णधवल, कोट-टोपीतले, पुढचे रंगीत पण उडालेले. कोणीच हसत नाही. आठवा माझा लागणार. म्हणून काढायचाय. झालं समाधान?

नाना_निवृत्त (१०.३४)
अभिनंदन बाई! मग मुळीच हसू नका. पदाची शान असते. जुन्या लोकांना काय हसता येत नव्हतं?

तिरफळ (१०.३७)
जुन्या काळी काचेवर फोटो काढायला कित्येक सेकंद लागायचे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायचे. इतका वेळ हसू कोण धरून ठेवणार? म्हणून गंभीर.

खटपट्या (१०.४१)
अर्धं बरोबर. ओळीतले कृष्णधवल फोटो फार तर साठ-सत्तर वर्षांचे असतील, तेव्हा सेकंदाचा लहानसा भाग पुरत होता. तरी हसले नाहीत कारण तशी रीतच होती. स्टुडिओत जाणं म्हणजे सोहळा, हसणं म्हणजे उथळपणा.

नाना_निवृत्त (१०.४४)
मी तेच म्हणतोय.

खटपट्या (१०.४५)
तुम्ही उलटं म्हणताय.

(इथे दोघांचे सहा प्रतिसाद, मुंबईत १८५४ साली निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटीपर्यंत पोचलेले. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले.)

चिमणचारा (११.०५)
बाई, फोटो काढणारा कोण? आधीचे दोन त्यानंच काढले का? कुठे?

घाटमाथा (११.१२)
आमचाच माजी विद्यार्थी. तालुक्याला त्याचा स्टुडिओ आहे, लग्नाचं काम उत्तम करतो. दोन्ही वेळा ऑफिसातच काढले, माझ्या खुर्चीत. सुट्टी लागलीये, शाळा रिकामी असते. येतो, उभा राहतो, तीनदा क्लिक करतो, "छान आला बाई" म्हणतो आणि जातो. पाच मिनिटांत काम संपतं. मला वाटलं, तरबेज आहे.

चिमणचारा (११.१५)
बाई, विषय कुठला शिकवायचात?

घाटमाथा (११.१६)
गणित. त्याचा काय संबंध?

चिमणचारा (११.१९)
अहो, तो तुम्हाला घाबरतो!! तुमची हनुवटी वर आहे, पदर विस्कटलाय हे त्याला लेन्समधून दिसत असणार. सांगणार कोण? ज्या बाईंनी पट्टी मारली त्यांना "मान खाली घाला" कोण म्हणेल?

घाटमाथा (११.२४)
पट्टी मी कधी मारली नाही. नुसतं बघायचे.

तिरफळ (११.२५)
तेच ते वटारलेले डोळे.

खटपट्या (११.३०)
ऑफिसात उजेड कुठून येतो? भिंतींचा रंग?

घाटमाथा (११.३३)
ट्यूबलाइट. खिडकी आहे पण पुढे दप्तराचं कपाट आहे. भिंतीला कमरेपर्यंत पोपटी ऑइलपेंट, वर पांढरा चुना.

खटपट्या (११.४१)
सापडलं! डोक्यावर ट्यूब म्हणजे डोळ्यांत खड्डे. पोपटी भिंतीवरचा उजेड खालून हनुवटीवर येतो, म्हणून माणूस काविळ झाल्यासारखा दिसतो. त्या खोलीतून बाहेर पडा. उत्तरेची खिडकी असलेली खोली शोधा, तिथे थेट ऊन फारसं येत नाही, उजेड मऊ असतो. खिडकी एका बाजूला ठेवून दीड-दोन हातांवर बसा, ट्यूब बंद. दुसऱ्या गालाच्या बाजूला कुणाला तरी पांढरा ड्रॉइंग शीट धरायला सांगा, सावली उजळते. पोराला म्हणावं लांब उभा राहा आणि ८५ मिलिमीटरची, पोर्ट्रेटची लेन्स लाव. जवळून काढलं की नाक मोठं येतं. चष्मा आहे का?

घाटमाथा (११.४४)
आहे. काढणार नाही. चाळीस वर्षं आहे, काढला तर मुलं ओळखणार नाहीत.

जर्सीकर (११.४५)
बघा, मी आधीच म्हटलं होतं!

खटपट्या (११.४९)
ठेवा चष्मा. काचेवर खिडकी चमकली तर काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. समोरून कळत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आधी दहा मिनिटं आत बसा.

चंदेरी (बुधवार, सकाळी ७.२०)
साडी कुठली?

घाटमाथा (७.५०)
पैठणी काढून ठेवली होती, मोरपंखी. नाहीतर बारीक चौकड्यांची नारायणपेठ. नाहीतर वांगी रंगाची साधी इरकल.

चंदेरी (८.०१)
पैठणी! प्रश्नच नाही.

खटपट्या (८.०५)
प्रश्न आहे. चेहऱ्याशेजारी पैठणीचे जरीकाठ चमकले की नजर तिकडेच जाते. बारीक चौकड्यांवर डिजिटल कॅमेऱ्यात कधी कधी पाण्यावर तरंग उठावेत तसं काहीतरी उमटतं. इरकल नेसा.

चंदेरी (८.०७)
पुरुषांनी साडीत पडू नये.

तिरफळ (८.१२)
इरकलला माझं मत. आणि मे महिना आहे, घाम रुमालानं पुसू नका, टिपा. पावडरही जपून.

चिमणचारा (८.३०)
साडीनं काही होणार नाही हो, तो पोरगा बोलता झाला पाहिजे. बाई, त्याला आधीच सांगा की आज तू सर आणि मी विद्यार्थी. आणि वेळ द्या, तासभर. पहिले वीस-पंचवीस फोटो टाकूनच द्यायचे असतात, तोवर कुणाचाच चेहरा सैल होत नाही.

वैद्यकाका (१०.४०)
रात्री नाकपुड्यांत दोन-दोन थेंब गाईचं साजूक तूप. चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात.

घाटमाथा (गुरुवार, दुपारी १.१५)
झाला एकदाचा. उशीर झाला कारण ग्रंथालयातली उत्तरेची खिडकी उघडेना, शिपाईमामांनी हातोडी आणली.
इरकल नेसले. ड्रॉइंग शीट मामांनी धरला. मी त्याला म्हटलं, आज तू सांगायचं, मी ऐकायचं. तर तो आणखीच गप्प. पंधरा-वीस फोटो तसेच गेले. मग हळूच म्हणाला, "बाई, पदराची घडी... खांद्यावर..." आणि स्वतः पुढे येईना. मी म्हटलं नीट कर ती. थरथरत्या हातानं केली. चष्म्याच्या काड्याही त्यानंच उचलल्या, कासवाची मान मी घरी आरशापुढे करून आले होते. तरी डोळे तेच.
शेवटी वैतागून मी विचारलं, एकोणतीसचा पाढा येतो का रे अजून? कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून त्यानं सुरू केला. एकोणतीस साते वर अडकला. आठवीतही तिथंच अडकायचा! मला हसू आलं, आणि त्यानं ते बरोबर पकडलं. मग स्क्रीनवर मला दाखवत म्हणाला, "दोनशे तीन, बाई."
हनुवटी एकच आहे. बाकीचे सात जण काय म्हणतील ते म्हणोत.

नाना_निवृत्त (१.३०)
हसलात शेवटी. असो. आता रजेचा पगार आणि पेन्शनची कागदपत्रं वेळेत द्या, तिथे फार घोळ होतो. वेगळा धागा काढा, सांगतो.

चंदेरी (१.४२)
फोटो टाका ना ताई, साडी बघायचीये.

घाटमाथा (१.५०)
इथे नाही टाकणार. ३१ तारखेला भिंतीवर लागेल, ज्याला बघायचाय त्यानं यावं. ऑफिस साडेदहाला उघडतं.