प्रतिसाद: डेबियनच्या कंट्रोल फाइलमधली आर्किटेक्चर ओळ

डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रत्येक पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) आर्किटेक्चर ही ओळ असते; पॅकेज कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरच्या यंत्रांसाठी बांधायचं ते ती सांगते. आधीच्या एका पोस्टमध्ये सुचवलंय की या ओळीत ज्या यंत्रांवर चाचणी झाली तेवढीच, म्हणजे 'एएमडी64 आर्म64' (दोन प्रोसेसर-प्रकार), लिहावीत. माझं मत उलट आहे. सी किंवा सी++ चं पॅकेज असेल तर 'एनी' (any, म्हणजे कोणताही प्रकार) लिहा. नावांची यादी दिली की बाकीच्या प्रकारांची बिल्ड-यंत्रं (पॅकेजं बांधणारे डेबियनचे संगणक) प्रयत्नसुद्धा करत नाहीत. डेबियन 13 मध्ये (2025) रिस्क-व्ही64 हा प्रोसेसर-प्रकार अधिकृत झाला, तेव्हा अशा यादीत ते नाव हातानं घालावं लागणारच.

याच ओळीतलं दुसरं मूल्य 'ऑल' (all) म्हणजे 'सगळीकडे बांधा' नव्हे. एकच डेब फाइल (बांधून तयार पॅकेज) सर्वत्र चालते, असा त्याचा अर्थ. शुद्ध पायथन, फॉन्ट, दस्तऐवज यांसाठी ते ठीक. आत एक जरी संकलित .एसओ फाइल (ठरावीक प्रोसेसरसाठी बांधलेली लायब्ररी) असली, तरी ते चूक.

यादी द्यायचीच असेल तर नावांमध्ये मोकळी जागा सोडा, स्वल्पविराम नको. या ओळीत उद्गारचिन्हानं एखादं यंत्र वगळता येत नाही. ती सोय बिल्ड-डिपेंड्समधल्या (बांधणीसाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतल्या) चौकटी कंसात आहे. कोड फक्त 64-बिटवर चालत असेल, तर बिल्ड-डिपेंड्समध्ये 'आर्किटेक्चर-इज-64-बिट' हे पॅकेज घाला. म्हणजे इतर यंत्रं का वगळली, याचं कारण तिथेच नोंदलं जातं आणि नवं 64-बिट यंत्र आलं तरी काही बदलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र ही ओळ सांगूच शकत नाही: प्रोसेसरची पिढी. 'एएमडी64' मध्ये एसएसई2 हा प्रोसेसर-सूचनांचा संच गृहीत आहे, त्यानंतरचा एव्हीएक्स नाही. '-मार्च=नेटिव्ह' (बांधणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलरचा पर्याय) देऊन बांधलेलं पॅकेज जुन्या यंत्रावर बिनतक्रार बसतं आणि चालवताच 'इलीगल इन्स्ट्रक्शन' देऊन कोसळतं. तो पर्याय आधी काढा.