विषय: उत्तर: आरोग्य सत्राचा तक्ता – कुठे किती दिवस ॲडमिट

मंडळी, नमस्कार.
सत्रासाठी ओईसीडीच्या (श्रीमंत देशांची संघटना) आकड्यांवरून तक्ता केलाय. हॉस्पिटलमधला सरासरी मुक्काम: जपान १६ दिवस, जर्मनी ९, अमेरिका ६. शेवटी भारत टाकायचाय. जाणकारांनी नजर घालावी.
– सत्र-समितीकडून

ताई,
तीन ओळींना तीन मापं लागली आहेत. जपानचे १६ दिवस फक्त ॲक्यूट, म्हणजे तातडीच्या किंवा अल्पकाळच्या उपचारांच्या, खाटांचे. सगळ्या खाटा धरल्या तर २५ च्या वर जातात. जर्मनीच्या ९ मध्ये रिहा क्लिनिक (उपचारानंतर पूर्ववत हिंडाफिरायला लावणारी पुनर्वसन केंद्रं) आहेत. खुबा बदलला की तिथे पेशंट साधारण ३ आठवडे रिहाला जातो. ते वगळा, नुसत्या हॉस्पिटलचे ७ च्या आसपास उरतात. खाटांचंही तेच: हजार लोकांमागे ७.८ पैकी जवळपास २ रिहाच्या.

पैसे कसे मिळतात तेही बघा. जपानमध्ये मोठ्या हॉस्पिटलांना २००३ पासून दिवसागणिक दर मिळतो, मुक्काम लांबला की तो टप्प्याटप्प्याने उतरतो. जर्मनीत केसमागे ठरावीक रक्कम. पण किमान मुक्कामाआधी घरी सोडलं तर त्यातून कपात होते. मग शुक्रवारी बरा दिसणारा पेशंट सोमवारपर्यंत राहिला तर नवल नाही!

अमेरिकेचा आकडा सगळ्यात फसवा. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस वॉर्डात, हाताला पट्टा, सलाईन चालू, दोन रात्री मुक्काम. तरी कागदोपत्री 'ऑब्झर्वेशन', म्हणजे ओपीडी. तो ॲडमिशनमध्ये मोजलाच जात नाही.

शिवाय काही देश निरोगी नवजात बाळं मोजतात, काही नाही. एवढ्यानेच ॲडमिशनचा एकूण आकडा ३ ते १० टक्के हलतो.

दादांच्या वरच्या मेलला जोड:
ऑब्झर्वेशनचा फटका अमेरिकेतल्या मेडिकेअरवाल्या (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आईवडिलांना बसतो. ओरिजिनल मेडिकेअरमध्ये (थेट सरकारी, खासगी कंपनीचा प्लॅन नव्हे) हॉस्पिटलनंतरच्या नर्सिंग फॅसिलिटीचा खर्च मिळायला सलग ३ दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर ॲडमिट, असावं लागतं, आणि ऑब्झर्वेशनच्या रात्री त्यात धरत नाहीत. २४ तासांहून जास्त ऑब्झर्वेशन झालं की हॉस्पिटलला 'मून' (MOON) नावाची, तुम्ही ऑब्झर्वेशनवर आहात असं सांगणारी लेखी सूचना द्यावी लागते. ती सहीला आली की तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा: "इनपेशंट ऑर्डर लिहिली का?" डिस्चार्जनंतर ती ऑर्डर मागाहून लिहून घेणं जवळजवळ अशक्य.

भारत या तक्त्यात नकोच. आपल्याकडचा आकडा हॉस्पिटलच्या नोंदींतून नाही, घरोघरच्या पाहणीतून येतो. एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना पाहणी) २०१७-१८ च्या पाहणीत बाळंतपणं सोडून वर्षभरात ॲडमिट झालेले लोक २.९ टक्के, तेही वर्षभराच्या आठवणीवर. त्यातले निम्म्याहून जास्त खासगी हॉस्पिटलांत. टाकायचाच असेल तर वेगळ्या चौकटीत टाका, आणि वर "पाहणी" असं ठळक लिहा.