मदत हवी आहे: लिव्होर्नोचे ज्यू आणि गोव्याचे सारस्वत व्यापारी

मंडळी, सतराव्या-अठराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांवर लेख लिहितेय. टस्कनीचा ग्रँड ड्यूक (तिथला राज्यकर्ता) फर्दिनांदो मेदिचीने १५९१ आणि १५९३ मध्ये सनदा काढून ज्यूंना इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात बोलावलं. व्हेनिसमध्ये त्यांना १५१६ पासून घेट्टोत (ज्यूंसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वस्तीत) राहावं लागे, लिव्होर्नोत ती सक्ती नव्हती. इथवर ठीक.

अडलंय ते गोव्यापाशी. हे व्यापारी भूमध्य समुद्रातली पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला धाडत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), म्हणजे ज्यू म्हणून उघडपणे राहायची सोयच नाही. मग तिथले अडते कोण? सारस्वत! पत्रं पोर्तुगीजमध्ये, धर्म वेगळे, गाठभेट नाही, नातंगोतं तर नाहीच. तरी वर्षानुवर्षं माल विश्वासावर जायचा. (मला हे घेट्टोच्या भिंतींपेक्षा जास्त रंजक वाटतं.)

या व्यवहाराची सारस्वतांच्या बाजूची कागदपत्रं, हिशेबाच्या वह्या कोणी पाहिल्या आहेत का? पणजीच्या पुराभिलेखागारात कुठल्या दप्तरांपासून सुरुवात करावी? आणि अभ्यासकांना एक प्रश्न: रोटीबेटी व्यवहार नसताना केवळ पेढीवरच्या विश्वासाला सामाजिक मिसळण म्हणावं का? माझा कल ‘नाही’कडे आहे, पण खोडून काढणारं कोणी असेल तर हवंच आहे.